मारुती ८०० (१९९३, कार्बोरेटर): तापली की चालता चालता बंद, थांबवली की पुन्हा चालू

कऱ्हाडचा८००

गाडी मारुती ८००, १९९३, ७९६ सीसी, कार्बोरेटरवाली, डेल्को (प्लगांना करंट वाटणारा डिस्ट्रिब्युटर) पॉइंटचा. आरसी २०२८ पर्यंत रिन्यू आहे, म्हणजे गाडी ठेवायचीच आहे. "विकून टाका" सोडून बाकी सगळे सल्ले चालतील.

तक्रार अशी. सकाळी थंड असताना अर्ध्या सेल्फमध्ये चालू होते. गावात फिरताना काही त्रास नाही. हायवेला पाऊण-एक तास चालली आणि मग चढ लागला किंवा ट्रॅफिकमध्ये रांगावं लागलं की बंद. पुण्याहून साताऱ्याकडे येताना खंबाटकी घाटात हमखास. आधी एक-दोन झटके, मग पिकअप जातो, ॲक्सिलरेटर दाबला तर आणखी लवकर मरते. बाजूला घेऊन बॉनेट उघडं ठेवलं की पंधरा-वीस मिनिटांत चालू. पुढे पाच-सात किलोमीटर बरी जाते आणि परत तेच. टेंपरेचरचा काटा मध्याच्या वर जात नाही, पाणी कमी होत नाही.

आतापर्यंत प्लग, प्लग वायरी, डेल्कोची टोपी, रोटर, पॉइंट, कंडेन्सर आणि पेट्रोल फिल्टर नवीन टाकले. कार्बोरेटर खोलून साफ झाला. आता गॅरेजवाले म्हणतात नवीन कार्बोरेटर बसवा. अडचण ही की गॅरेजात पोचेपर्यंत गाडी थंड होते आणि शहाण्यासारखी चालते, त्यामुळे दोष कुणालाच दिसत नाही. रस्त्यावर बंद पडल्या जागी काय काय बघायचं ते सांगा.

पाना१०_१२

नवीन कार्बोरेटर तूर्त नको. जेटमध्ये (कार्बोरेटरच्या पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकात) कचरा असेल तर तो वीस मिनिटं थांबून बरा होत नाही, थंड इंजिनलाही त्रास देतो. तुमचा दोष तापल्यावर येतो आणि निवल्यावर जातो. असं वागणाऱ्या गोष्टी मोजक्या: इग्निशन कॉइल, कंडेन्सर, तापून सैल होणारं एखादं इलेक्ट्रिक कनेक्शन, पेट्रोलची वाफ धरणं, टाकीला हवा न मिळणं, आणि टाकीतल्या जाळीवर बसून गाडी थांबली की खाली पडणारा गाळ. शेवटचे दोन तापमानाने होत नाहीत, चाललेल्या वेळाने होतात. पण बाहेरून चित्र तेच दिसतं.

पहिला प्रश्न एकच: मेली तेव्हा करंट गेला होता की पेट्रोल? याचं उत्तर बंद पडल्यावर पहिल्या तीन-चार मिनिटांतच मिळतं. म्हणून डिकीत हे ठेवा: एक चालू प्लग, १२ व्होल्टचा टेस्ट लॅम्प (५ वॅटचा बल्ब, दोन हात वायर आणि चिमटा एवढं पुरतं), दोन्ही टोकांना चिमटे असलेली जाड वायर, टॉर्च, इन्सुलेटेड पक्कड, कोरडी चिंधी, छोटा फायर एक्स्टिंग्विशर.

बंद पडली की सेल्फ मारत बसू नका. हँडब्रेक, मागच्या चाकाला दगड, आणि या क्रमाने:

आधी पेट्रोलच्या टाकीचं झाकण सावकाश उघडा, कान लावून. आत जोरात हवा ओढल्याचा आवाज आला आणि त्यानंतर पाच-दहा सेकंदांच्या सेल्फमध्ये गाडी चालू झाली तर झाकणाचा व्हेंट बंद आहे. टाकीत व्हॅक्यूम तयार होतो, एसी पंप (इंजिनवर चालणारा पेट्रोलचा पंप) त्याच्याविरुद्ध ओढू शकत नाही. बाहेर येणारी हलकी फुस्स उन्हात नेहमीची, ती धरू नका.

मग स्पार्क. एक नंबरची प्लग वायर काढून जादा प्लगला लावा, प्लगची बॉडी चिमट्याच्या वायरने इंजिनच्या उघड्या लोखंडाला पक्की करा आणि प्लग कार्बोरेटरपासून लांब ठेवा. हातात धरायचा नाही. दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. निळी-पांढरी, टक टक ऐकू येणारी ठिणगी म्हणजे करंट ठीक. पिवळी, बारीक किंवा अधूनमधून येणारी म्हणजे कॉइल-कंडेन्सरकडे जा. जवळपास कुठे पेट्रोल गळत असेल किंवा वास दाटला असेल तर ही टेस्ट करायची नाही, आधी गळती.

स्पार्क बघून झाला की एअर फिल्टरचं झाकण काढून कार्बोरेटरच्या नरड्यात टॉर्च मारा. इंजिन बंद ठेवून थ्रॉटलचा लिव्हर हाताने झटकन ओढा. ॲक्सिलरेटर पंपाच्या नळीतून पेट्रोलची बारीक पण सलग धार पडली पाहिजे. धार नाही, नुसतं थुंकल्यासारखं झालं, तर फ्लोटची वाटी (कार्बोरेटरमध्ये पेट्रोल साठतं ती जागा) रिकामी आहे, म्हणजे पेट्रोल पोचत नाही. तुमच्या कार्बोरेटरला फ्लोट चेंबरवर गोल काचेची खिडकी असेल तर आणखी सोपं: पातळी मधल्या ठिपक्याशी हवी. चालू स्थितीत ती कुठे असते ते आजच बघून ठेवा, नाहीतर रस्त्यावर तुलना कशाशी करणार?

तुमच्या वर्णनावरून माझा कल पेट्रोलकडे आहे. झटके खात, पिकअप घालवत मरणं हे वाटी रिकामी होत जाण्याचं लक्षण. करंट गेला की गाडी बहुतेक वेळा किल्ली फिरवल्यासारखी खटकन बंद होते. पण कमजोर कॉइलही झटके देते, म्हणून टेस्ट केल्याशिवाय काही ठरवू नका.

मल्टीमीटर

वरचं सगळं बरोबर. करंटच्या बाजूचं थोडं खोलात लिहितो, कारण पॉइंट-कंडेन्सर "नवीन टाकला" याला हल्ली फारसा अर्थ उरलेला नाही. बाजारात मिळणारे बरेच नवीन कंडेन्सर लवकर जातात. जुना मूळचा चालू निघाला तर तोच परत बसवलेला बरा.

बंद पडत असताना, गाडी अजून पळत असताना, मीटरकडे बघा. इंजिन मेलं, फिरायचंही थांबलं आणि किल्ली चालूच असेल तर बॅटरीचा आणि ऑइलचा लाल दिवा लागलाच पाहिजे. लागला तर किल्लीच्या स्विचपर्यंतचा सप्लाय जिवंत आहे. लागलाच नाही तर कॉइल, पॉइंट, कार्बोरेटर सगळं सोडून द्या आणि इग्निशन स्विच, त्याच्यामागचा कनेक्टर, फ्यूज, बॅटरीवरची फ्यूज लिंक बघा. किल्लीला जड जुडगा लटकवला असेल तर आधी तो काढा. जुन्या स्विचमधले पितळी कॉन्टॅक्ट झिजलेले असतात आणि खड्ड्यात जुडग्याच्या झोक्याने सुटतात.

दिवे लागतात पण स्पार्क नाही, अशा वेळी टेस्ट लॅम्पचा चिमटा अर्थला लावून टोक कॉइलच्या प्लसला टेकवा. लागला पाहिजे. मग मायनसला टेकवून सेल्फ मारा: लुकलुकला तर पॉइंट उघडझाप करताहेत, मग स्पार्क नसण्याला कॉइल, कंडेन्सर किंवा टोपी-रोटर. सलग पेटून राहिला तर पॉइंट बंदच होत नाहीत किंवा त्यांची अर्थ गेली. अजिबात लागत नाही तर पॉइंट उघडतच नाहीत, कंडेन्सर शॉर्ट झालाय, किंवा कॉइलच आतून तुटली.

कॉइल मोजताना लोक एक चूक करतात. गरम कॉइलचं रीडिंग वाढलं म्हणून ती फेकून देतात. तांब्याचा रेझिस्टन्स दर अंशाला साधारण ०.३९ टक्के वाढतो. बॅलास्ट (कॉइलच्या आधी जोडलेला वेगळा रेझिस्टन्स) नसलेली कॉइल २५ अंशाला ३.० ओहम दाखवत असेल तर ९५ अंशाला ३.८ दाखवणार, त्यात काही बिघडलेलं नाही. बिघडलेली कॉइल एकदम उडी मारते, वीस-तीस ओहम किंवा थेट ओपन, आणि निवली की परत ३. मीटरच्या वायरींचा स्वतःचा ०.२-०.३ ओहम आधी टोकाला टोक लावून बघा आणि वजा करा. सेकंडरी साधारण आठ ते बारा किलोओहमच्या पट्ट्यात असते. पण आतलं इन्सुलेशन तापल्यावर फुटतं तो दोष मीटरवर दिसतच नाही, तिथे गरम असताना स्पार्क बघणं किंवा दुसरी कॉइल लावून चालवणं हाच उपाय. दुसरी कॉइल लावताना बॅलास्टवाली आहे का बिनबॅलास्टची हे जुळवा. दीड ओहमची बॅलास्ट कॉइल थेट १२ व्होल्टला लावली तर ती स्वतः जळेल आणि पॉइंटही खाईल.

डेल्कोत एक जागा बहुतेक मेस्त्री बघत नाहीत. पॉइंट ज्या प्लेटवर बसतात ती प्लेट व्हॅक्यूम ॲडव्हान्समुळे (ठिणगीची वेळ पुढेमागे करणारी यंत्रणा) सतत मागेपुढे हलते. तिला बाहेरून आत येणारी एक बारीक वायर असते आणि प्लेटपासून बॉडीला अर्थची वेणी. वर्षानुवर्षं वाकून वाकून या वायरीचे तार कापडाच्या आत तुटतात, बाहेरून वायर अखंड दिसते. तपासायला पॉइंट बंद असताना मीटर त्या वायरीवर लावा, व्हॅक्यूमची नळी तोंडाने ओढून प्लेट हलवा. आकडा थरथरला की सापडला चोर. पॉइंटचा गॅप ०.४ ते ०.५ मिलिमीटर, पातं कोरडं पुसून.

नाना_फियाट

खंबाटकी, रांगणारी गाडी, वीस मिनिटं... हे व्हेपर लॉक, म्हणजे नळीत पेट्रोलची वाफ धरणं. पद्मिनीच्या जमान्यात दर उन्हाळ्यात घाटात गाड्या अशाच उभ्या असायच्या, एसी पंपावर ओला फडका टाकून. फडका आजही चालतो, पण उपाय म्हणून नाही, तपासणी म्हणून. बंद पडली की लगेच पंपावर आणि पंपापासून कार्बोरेटरकडे जाणाऱ्या नळीवर ओला फडका ठेवा. डेल्को आणि कॉइलवर पाणी जाऊ देऊ नका. दोन-तीन मिनिटांत चालू झाली तर वाफ धरत होती. नुसती थांबवल्यावर वीस आणि फडका टाकल्यावरही वीसच मिनिटं लागत असतील तर वाफेचा दोष नाही.

हल्ली हे वाढलंय याला कारण पेट्रोल. पंपावर आता ई२० मिळतं, २० टक्के इथेनॉल. इथेनॉल ७८ अंशांना उकळतं, पण पेट्रोलमध्ये मिसळलं की मिश्रणाचा मोठा हिस्सा ७०-७५ अंशांच्या आसपासच वाफ व्हायला लागतो. चढावर दुसऱ्या गिअरमध्ये, वारा नाही, बॉनेटखाली एवढं तापमान सहज होतं. आणि तुमचा एसी पंप ओढणारा पंप आहे: टाकीपासून पंपापर्यंतच्या नळीत दाब नाही, उलट किंचित व्हॅक्यूम. तिथे पेट्रोल आणखी कमी तापमानाला उकळतं. म्हणून आधी बघा टाकीकडून येणारी नळी सायलेन्सरच्या किंवा एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या जवळून तर फिरवलेली नाही ना. कुठल्यातरी कामात क्लिप तुटते, नळी लोंबते, कोणी परत लावत नाही.

दुसरं, पंपाला तिसरी नळी आहे का? ती टाकीकडे परत जाणारी. जादा पेट्रोल आणि तयार झालेली वाफ तिच्यातून टाकीत परततं आणि थंड पेट्रोल फिरतं राहतं. ही चेपली किंवा कोणी बोल्ट खोचून बंद केली असेल तर घाटात वाफ धरणारच. इंजिन आयडलला ठेवून परतीची नळी टाकीच्या बाजूला सोडून बाटलीत धरा, पेट्रोल येत राहिलं पाहिजे.

तिसरं, पंप आणि हेडच्या मधला जाड काळा स्पेसर. पंप बदलताना तो फेकून नुसतं कागदी पॅकिंग लावतात. स्पेसर उष्णता अडवतो, आणि पंपाच्या दांड्याची चाल किती हे त्याच्या जाडीवरच ठरतं. कार्बोरेटरखालचाही तसाच.

ई२० मुळे मिश्रणही पातळ होतं. शुद्ध पेट्रोलला हवा-पेट्रोल प्रमाण १४.७ लागतं, ई२० ला साधारण १३.५. म्हणजे जुन्या जेटवर गाडी आठेक टक्के लीन चालते. त्याने गाडी बंद पडत नाही, पण चढावर पिकअप मंदावतो आणि इंजिन जास्त तापतं.

पाना१०_१२

नाना, बाकी सगळं मान्य, पण व्हेपर लॉकवर इतक्या लवकर शिक्का नको. वाफ धरणारी गाडी रांगताना मरते आणि मोकळ्या रस्त्याला वारा लागला की सुधारते. यांची मोकळ्यावरही पाच-सात किलोमीटरनं परत मरते.

कऱ्हाडकर, एक विचारायचं राहिलं. गाडीला कधी एलपीजी किट होतं का? आत्ता चालू नसलं तरी. बॉनेटखाली फायरवॉलजवळ किंवा बॅटरीच्या बाजूला पितळी, दोन नळ्यांचा, वर काळी कॉइल असलेला छोटा डबा दिसतो का बघा.

कऱ्हाडचा८००

किट होतं, २००६ चं. गॅसची टाकी काढून टाकलीय, आरसीवर पण पेट्रोल करून घेतलंय. डॅशबोर्डखालचा पेट्रोल-गॅस बदलायचा तीन पोझिशनचा स्विच मात्र अजून आहे, तो कायम पेट्रोलवर असतो. आणि हो, तो पितळी डबा आहे. एसी पंपापासून निघालेली नळी त्याच्यात जाते आणि तिथून कार्बोरेटरला.

सांगितलेल्या टेस्ट खंबाटकीतच केल्या. मरताना लाल दिवे दोन्ही लागले. झाकणातून आवाज नाही. स्पार्क निळा, जोरदार. थ्रॉटल ओढल्यावर धार नाही, काचेच्या खिडकीत पातळी दिसतच नाही. पंपावर ओला फडका ठेवून पाच मिनिटं थांबलो, काही फरक नाही. पितळी डब्याच्या कॉइलला बोट लावलं तर चटका बसला.

पाना१०_१२

मग झालं की. पेट्रोलचा सोलेनॉइड व्हॉल्व्ह आहे तो.

कार्बोरेटरच्या गाडीला गॅस किट लावताना एसी पंप आणि कार्बोरेटरच्या मधे हा व्हॉल्व्ह टाकतात. गॅसवर चालवताना पेट्रोल अडवायचं एवढंच त्याचं काम. करंट नसताना तो बंद असतो, आतल्या स्प्रिंगने. पेट्रोलवर चालवताना कॉइलला सतत करंट मिळतो तेव्हाच उघडा राहतो. म्हणजे गेली काही वर्षं तुमची गाडी पेट्रोलचा प्रत्येक थेंब डॅशबोर्डखालच्या जुन्या स्विचच्या भरवशावर पीत आहे. किट काढणाऱ्याने गॅसची टाकी आणि व्हेपरायझर (द्रव गॅसची वाफ करणारा भाग) काढले आणि हा मधेच ठेवला, नळी कापावी लागू नये म्हणून. फार ठिकाणी असंच करतात.

आता तुमची लक्षणं जुळवा. व्हॉल्व्ह मिटला तरी फ्लोटच्या वाटीत थोडं पेट्रोल असतं, त्यावर गाडी पुढे जाते. सपाटीला जरा जास्त, चढावर मिनिटभरही नाही. पातळी उतरत जाते म्हणून आधी झटके, मग पिकअप जाणं, आणि ॲक्सिलरेटर दाबला की उरलेलं लवकर संपतं. कॉइल निवली की व्हॉल्व्ह उघडतो आणि सेल्फवर वाटी भरते.

खात्री करायला काही विकत आणायला नको. या व्हॉल्व्हला खालच्या बाजूला हाताने उघडायचा छोटा स्क्रू किंवा चपटी कडी असते, करंट गेला तर गाडी घरी नेता यावी म्हणून. गाडी मेली की तो स्क्रू पूर्ण फिरवा. वाटी भरायला दहा-बारा सेकंद सेल्फ लागेल, सलग नको, पाच पाच सेकंदांनी. चालू झाली आणि स्क्रू उघडा ठेवून पुढचा घाट विनातक्रार चढली तर पुरावा झाला.

त्यानंतर व्हॉल्व्ह दुरुस्त करायचा नाही, बदलायचाही नाही. काढून टाकायचा.

मल्टीमीटर

काढण्याआधी, ज्यांची किटं अजून चालू आहेत त्यांच्यासाठी हा आकडा बघण्यासारखा आहे. व्हॉल्व्हची कॉइल समजा थंडीत १२ ओहम. अल्टरनेटर चालू असताना १३.५ व्होल्ट मिळाले तर १.१ अँपिअरच्या आसपास करंट, म्हणजे १५ वॅट, सगळी उष्णता. बॉनेटखालच्या गरमीची भर पडून कॉइल शंभर अंशांपर्यंत गेली की रेझिस्टन्स साडेपंधरा ओहम होतो आणि करंट ०.८७ वर येतो. एवढ्यावर धड व्हॉल्व्ह उघडा राहतो. पण जुन्या चेंजओव्हर स्विचच्या काळ्या पडलेल्या कॉन्टॅक्टमध्ये आणि पिळून टेप मारलेल्या जोडांत चार-साडेचार व्होल्ट खाल्ले गेले तर कॉइलला ९ मिळतात: थंडीत ०.७५ अँपिअर, गरम झाल्यावर ०.५८. थंडीत धरून ठेवतो, गरम झाला की एखाद्या खड्ड्याच्या धक्क्याने प्लंजर सुटतो. आणि एकदा सुटला की परत खेचायला धरून ठेवण्यापेक्षा बराच जास्त करंट लागतो, म्हणून निवेपर्यंत उघडत नाही. गाडी थांबून चालू होते त्याचं कारण हे.

मोजायचं असं: इंजिन चालू, स्विच पेट्रोलवर, मीटरचं एक टोक बॅटरीच्या प्लसला, दुसरं व्हॉल्व्हच्या प्लसला. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसला तर वाटेत खाल्ला जातोय. मग हेच मायनसच्या बाजूने, बॅटरी मायनस ते व्हॉल्व्हची अर्थ, तिथे ०.२ च्या आत हवा. या व्हॉल्व्हची अर्थ बऱ्याचदा रंगावरच आवळलेल्या स्क्रूने दिलेली असते.

स्विच काढताना एक बघा: किटवाल्याने स्विचचा १२ व्होल्टचा सप्लाय बहुतेक कॉइलच्या प्लसवरूनच घेतलेला असतो. ती वायर नुसती कापून लोंबती ठेवली आणि बॉडीला टेकली तर फ्यूज उडेल आणि मग गाडी खरोखर खटकन बंद पडेल. मुळापासून काढा, जिथे मूळ वायर सोललीय तिथे हीट श्रिंक चढवा.

झेनवाला

माझ्याकडे एमपीएफआय (इंजेक्टरने पेट्रोल सोडणारी) गाडी आहे, कार्बोरेटर नाही, लक्षण जवळपास हेच. फरक एवढा की झटके नाहीत, एकदम मरते. यातलं काय लागू पडतं?

मल्टीमीटर

लाल दिव्यांची टेस्ट तशीच लागू. बाकी वेगळं. मेल्यावर किल्ली बंद करून परत ऑन करा आणि मागच्या सीटकडे कान द्या: टाकीतला पंप दोन-तीन सेकंद गुणगुणला पाहिजे. आवाज नाही तर पंपाचा रिले, मेन रिले, पंपाचा कनेक्टर. आवाज आहे आणि सेल्फवर स्पार्क नाही तर क्रँक किंवा कॅम पोझिशन सेन्सर, मॉडेलप्रमाणे जो असेल तो. हा सेन्सर तापल्यावर सिग्नल सोडतो. ईसीयूला (इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरला) इंजिन फिरतंय हेच कळत नाही, ते इंजेक्टर आणि पंप दोन्ही बंद करतं. टॅकोमीटर असेल तर सेल्फ मारताना काटा जरासा उचलतो का बघा. शून्याला चिकटून राहिला तर संशय सेन्सरवरच. स्पार्क आणि पंप दोन्ही असतील तर गेज लावून प्रेशर, साधारण अडीच ते तीन बार. किल्लीच्या इमोबिलायझरवाली गाडी असेल तर मेल्यावर त्याचा दिवा लुकलुकतो का तेही बघा.

रिले आणि सेन्सर घरी तपासायला हेअर ड्रायर चांगला. आयडलला गाडी ठेवून एकेका भागाला दोन-तीन मिनिटं गरम हवा द्या. ज्याला दिल्यावर मेली तो पकडला. रिलेचं झाकण काढून पिनांच्या मुळाशी भिंगातून बघा, सोल्डरमध्ये गोल भेग असते. पुन्हा सोल्डर मारून चालतो, पण नवीनच टाका.

वेगळा धागा काढा, मॉडेल आणि वर्ष लिहा. इथे मिसळलं तर दोघांचाही गोंधळ होईल.

कऱ्हाडचा८००

स्क्रू उघडा ठेवून खंबाटकी चढवली, एकदाही मेली नाही. व्हॉल्व्हच्या प्लसला मीटरवर ३.८ व्होल्टचा ड्रॉप. आता व्हॉल्व्ह काढतो. पंपापासून कार्बोरेटरपर्यंत नळी कुठली आणि कशी टाकू?

नाना_फियाट

दोन तुकडे मधे जोडनळी घालून जोडू नका, एकच सलग नळी टाका. आतला व्यास पंपाच्या पितळी टोकाला मोजून घ्या, बोटाने ढकलली तर जरा जोर लागला पाहिजे. दुकानात "पेट्रोलची नळी" म्हटलं की साधी काळी नळी देतात. ती मागू नका, अंगावर एसएई जे३० आर९ छापलेली मागा. तिचं आतलं अस्तर इथेनॉलला टिकतं. साधी नळी ई२० मध्ये आतून फुगते, तिचे काळे कण सुटतात आणि कार्बोरेटरच्या सुईखाली अडकतात, मग गाडी बंद पडण्याऐवजी ओव्हरफ्लो व्हायला लागेल. टाकीकडच्या आणि परतीच्या रबरी तुकड्यांनाही तीच नळी, नाहीतर निम्मंच काम.

क्लॅम्प गुळगुळीत आतल्या कडेचे घ्या. खाचांचे स्क्रू क्लॅम्प बारीक नळीला गोल आवळत नाहीत आणि रबर कापतात. नळी एक्झॉस्टपासून चार बोटं तरी लांब, मूळ क्लिपांमधून. जुनी नळी काढताना खाली चिंधी, बॅटरीचं मायनस आधी सोडायचं.

जोडल्यावर बॅटरी लावून पाच-पाच सेकंद सेल्फ मारा, वाटी भरेपर्यंत. चालू झाली की दहा मिनिटं आयडलला ठेवून दोन्ही टोकांना कोरडा पांढरा कागद टेकवा. ओल बोटाला कळायच्या आधी कागदावर दिसते. आणि पेट्रोल फिल्टर हल्ली टाकलाय म्हणालात, तो पाचशे-सातशे किलोमीटरवर परत एकदा काढून पांढऱ्या ताटलीत उलटा झटका. इथेनॉल टाकीतला जुना राळ सोडवतं, पहिला फिल्टर नेहमीपेक्षा लवकर भरतो. तांबूस पूड पडली तर टाकीला आतून गंज आहे, मग टाकी उतरवून धुवावी लागेल.